जोडीदाराचा व्हिसा पक्का नसताना ब्रिटनमध्ये बेनिफिट मागता येतात का?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत अशी जोडपी बरीच दिसतात: एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट किंवा आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आणि दुसरं माणूस स्पाउस व्हिसावर. कधी मुदतवाढीचा अर्ज होम ऑफिसकडे महिनोन् महिने पडून असतो. दोघांच्या नोकऱ्या चालू असतात तोवर या फरकाचं काही वाटत नाही. मग एकाची नोकरी जाते, बाळ होतं, आजारपण येतं आणि प्रश्न समोर येतो: मी युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत, मागितलं तर बायकोच्या व्हिसाला धक्का लागेल का?

थेट उत्तर असं. तुमचा बेनिफिटचा हक्क तुमचा स्वतःचा आहे. जोडीदाराच्या व्हिसावरच्या अटीमुळे तो जात नाही. तुम्ही स्वतःसाठी आणि इथल्या तुमच्या मुलांसाठी नियमात बसून जे घेता, त्याने जोडीदाराची अट मोडत नाही. धोका आहे तो दोन ठिकाणी: जोडीदाराने स्वतःच्या नावाने काही मागितलं तर, आणि जोडीदार इथे आहे म्हणून तुमची रक्कम वाढली तर. या दोन गोष्टी नीट समजल्या की बाकीचं बरंच उलगडतं.

या भीतीपायी किती घरं क्रेडिट कार्डावर महिने काढतात आणि मुलांच्या हक्काचे पैसेही मागत नाहीत. मला हे फार लागतं, कारण यातली निम्मीअधिक भीती नियम न कळल्यामुळे असते.

अट नेमकी काय आहे

स्पाउस, स्टुडंट, स्किल्ड वर्कर अशा बहुतेक व्हिसांवर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ ही अट असते. अर्थ सरळ आहे: सरकारी मदतीच्या ठरावीक योजनांवर हक्क सांगायचा नाही. 1999 च्या इमिग्रेशन अँड असायलम कायद्याच्या कलम 115 मध्ये कोणाला या मदती मिळणार नाहीत ते लिहिलं आहे. ज्याच्या व्हिसावर ही अट आहे तो त्यात येतो आणि ज्याला व्हिसा लागतो पण सध्या नाही, म्हणजे ज्याची मुदत संपून गेली आहे, तोही येतो.

‘पब्लिक फंड्स’ म्हणजे सरकारकडून येणारा प्रत्येक पेनी नव्हे. ती एक ठरलेली यादी आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, पिप (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीचा भत्ता), केअरर्स अलाउन्स (सांभाळ करणाऱ्याचा भत्ता), अटेंडन्स अलाउन्स (काळजीची गरज असलेल्या वयस्कांचा भत्ता), काउन्सिल टॅक्स रिडक्शन, काउन्सिलचं घर आणि बेघरांसाठीची मदत, हे तिच्यातले ठळक. एनएचएसचे उपचार आणि मुलांची सरकारी शाळा यादीत नाहीत. स्वतःच्या नोकरीतून आणि नॅशनल इन्शुरन्समधून उभे राहणारे हक्कही त्यात येत नाहीत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

क्लेम कोणाचा?

एरवी नवरा-बायको एका घरात राहत असतील तर युनिव्हर्सल क्रेडिट दोघांना मिळूनच मागावं लागतं. पण युनिव्हर्सल क्रेडिटच्या 2013 च्या नियमावलीत तिसऱ्या नियमात अपवाद आहे. जोडीतला एक जण इमिग्रेशनच्या अटीखाली असेल, तर दुसऱ्याने एकट्याचा म्हणून क्लेम करायचा. मदतही एकट्याच्या दराने मिळते. त्यामुळे जोडीदारापोटी जास्तीचा भत्ता येत नाही आणि त्याची अट शाबूत राहते.

इमिग्रेशनच्या नियमांचीही हीच भूमिका आहे. स्पॉन्सरला, म्हणजे ज्याच्या आधारावर स्पाउस व्हिसा मिळाला त्या जोडीदाराला, मिळणाऱ्या सरकारी मदतीवर त्याची बायको पूर्ण किंवा थोडीफार अवलंबून असली, तरी तेवढ्याने तिने पब्लिक फंड्स घेतले असं धरत नाहीत. ती इथे आहे म्हणून स्पॉन्सरला जास्तीची मदत मिळाली तर मात्र धरतात.

अर्थात हे तुमचा स्वतःचा हक्क उभा असेल तरच. ब्रिटिश पासपोर्ट असूनही अनेक वर्षं भारतात राहून नुकतेच परतला असाल, तर ‘हॅबिच्युअल रेसिडन्स टेस्ट’ तुम्हालाही आहे. तुम्ही खरोखर इथे बस्तान बसवलं आहे, हे घर, नोकरीचा शोध, मुलांची शाळा यांवरून दाखवावं लागतं. निव्वळ पासपोर्ट पुरत नाही.

फॉर्म भरताना

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘एकट्याचा क्लेम’ असं ऐकून लोक ऑनलाइन फॉर्मवर ‘सिंगल’ निवडतात. तसं करू नका. जोडीदार घरात राहतो का, असं विचारलं की खरं उत्तर ‘हो’ आहे आणि तेच द्यायचं. कायदा तुम्हाला जोडपंच मानतो, फक्त क्लेम एकट्याला करायला लावतो. जोडीदार लपवला तर ती चुकीची माहिती ठरते. दिलेले पैसे परत मागतात, दंड होऊ शकतो आणि खटलाही.

‘हो’ म्हटल्यावर सिस्टिम जोडीदाराला जोडायला एक कोड देते आणि त्याचीही माहिती भरायला लावते. इथे बायका घाबरतात, ‘म्हणजे मी क्लेम केला की काय?’ ती माहिती देणं ही प्रक्रियेतली पायरी आहे. त्यानंतर डीडब्ल्यूपी, म्हणजे बेनिफिट सांभाळणारं सरकारी खातं, जोडीदाराची स्थिती तपासून त्याला अपात्र ठरवतं आणि क्लेम तुमच्या एकट्याचा होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ऑनलाइन जर्नलमध्ये, म्हणजे क्लेमच्या खात्यातल्या निरोपांच्या पानावर, पहिल्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेवा: माझ्या पत्नीच्या व्हिसावर पब्लिक फंड्सची अट आहे, ती काहीही मागत नाही, तिसऱ्या नियमाप्रमाणे मी एकट्याचा क्लेम करत आहे. पुढे कोणी शंका काढली तर तारखेसकट नोंद हाताशी असते. त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पहिलं पेमेंट ठरलं की स्टेटमेंट उघडून स्टँडर्ड अलाउन्सची, म्हणजे मूळ भत्त्याची, ओळ बघा. 2025-26 मध्ये पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या एकट्या माणसाला महिना 400.14 पौंड आणि जोडप्याला 628.10 पौंड असा दर होता. तिथे जोडप्याचा दर दिसला तर खुश होऊ नका, लगेच जर्नलमध्ये कळवा. चूक डीडब्ल्यूपीची असली तरी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जास्त गेलेले पैसे ते वसूल करू शकतात. शिवाय तो वाढीव हिस्सा जोडीदाराच्या नावावर पब्लिक फंड्स म्हणून दिसतो, आणि त्याचा हिशोब पुढच्या व्हिसाच्या वेळी द्यावा लागू शकतो.

देताना एक, मोजताना दोन

भत्ता एकट्याचा असला तरी उत्पन्न आणि बचत दोघांची धरतात. जोडीदाराचा पगार, त्याच्या खात्यातले पैसे, भारतातली एफडीसुद्धा. दोघांची मिळून बचत 16,000 पौंडांपेक्षा जास्त असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. 6,000 च्या वर असेल तर रक्कम कमी होते.

2025-26 च्या दरांनी एक उदाहरण मांडून बघू. नवरा ब्रिटिश, बायको स्पाउस व्हिसावर, वर्षभराचं एक बाळ, भाड्याचं घर. नवऱ्याचे तास कमी झालेत, हातात महिना 1,100 पौंड येतात. बायको अर्धवेळ काम करून 500 आणते. भाड्यापोटी 800 पौंड मान्य झाले असं धरू. नवऱ्याचा भत्ता 400.14, बाळाचे 292.81 आणि भाड्याचे 800 मिळून 1,492.95 झाले. आता वजाबाकी. दोघांची कमाई 1,600. मूल आहे आणि भाड्याची मदतही आहे, म्हणून पहिले 411 पौंड सोडून देतात. उरलेल्या 1,189 चे 55 टक्के, म्हणजे 653.95, कापले जातात. हाती येतात 839 पौंड.

बायकोच्या 500 पौंडांपैकी 275 या कपातीत गेले. तिच्या जेवणाखाण्यासाठी मात्र एक पेनीही धरली गेली नाही. तिच्यावर अट नसती तर याच घराला महिना 227.96 पौंड जास्त मिळाले असते. ही तफावत मला अन्यायाची वाटते. पण ती आहे, आणि महिन्याचं बजेट बांधताना ती धरूनच चालावं लागतं. क्लेम करू नये, असा त्याचा अर्थ होत नाही. या घराला 839 पौंड म्हणजे घरभाडं आहे.

युनिव्हर्सल क्रेडिटआधीच्या टॅक्स क्रेडिट योजनेच्या काळात अशा जोडप्यांना एकत्र क्लेम करता यायचा आणि नियमच त्याला परवानगी द्यायचे. ती योजना 5 एप्रिल 2025 ला संपली. जुन्या मित्रांचा सल्ला ऐकताना हे ध्यानात असू द्या. त्यांच्या वेळी बरोबर असलेलं आज चुकीचं ठरू शकतं.

चाइल्ड बेनिफिट, काउन्सिल टॅक्स आणि बाकी खाचखळगे

चाइल्ड बेनिफिट एकाच पालकाच्या नावावर असतं. ते नेहमी अट नसलेल्या पालकाच्या नावावर घ्यायचं. बाळाला सांभाळते आई म्हणून फॉर्म आईने भरला, आणि आई स्पाउस व्हिसावर, ही चूक सहज होते. नाव बदललं की प्रश्नच राहत नाही. 2025-26 मध्ये पहिल्या मुलासाठी आठवड्याला 26.05 पौंड मिळत. दोघांपैकी एकाचं उत्पन्न वर्षाला 60,000 च्या वर गेलं तर टॅक्समधून त्यातलं काही परत द्यावं लागतं आणि 80,000 ला सगळंच.

दोन्ही पालक अटीखालच्या व्हिसावर असतील, जसं स्किल्ड वर्कर आणि त्याची डिपेंडंट, तर चाइल्ड बेनिफिट मागू नये. ‘मूल तर इथे जन्मलं’ हे कारण चालत नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण ब्रिटिश किंवा कायमचा रहिवासी असेल तरच इथे जन्मलेलं मूल जन्मतः ब्रिटिश होतं.

काउन्सिल टॅक्समध्ये जपून पावलं टाका. काउन्सिल टॅक्स रिडक्शन ही पब्लिक फंड्समधली मदत आहे आणि प्रत्येक काउन्सिलची स्वतःची योजना असते. काही ठिकाणी जोडपं म्हणून हिशोब करतात आणि जोडीदारामुळे सूट वाढते. तीच ती ‘जास्तीची मदत’. हाउसिंग बेनिफिटचंही तसंच, आणि वयस्क जोडप्यांना याचा फटका बसू शकतो. अर्ज करण्याआधी काउन्सिलला लेखी विचारा: माझ्या घरात ही व्यक्ती नसती तर रक्कम किती झाली असती, आणि आहे म्हणून किती? उत्तर सारखंच आलं तर बिनघोर घ्या. एकट्या प्रौढाला मिळणारी पंचवीस टक्के सवलत वेगळी. तो डिस्काउंट आहे, पब्लिक फंड्स नव्हेत. पण घरात दोन प्रौढ झाल्यावर ती जाते आणि हे कळवावं लागतं.

आधीच्या लग्नातलं किंवा भारतातून आणलेलं मूल स्वतः अटीखालच्या व्हिसावर असेल, तर सल्ला घेतल्याशिवाय त्याला युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जोडू नका. त्याच्यामुळे वाढलेली रक्कम त्याच्याच व्हिसाच्या आड येऊ शकते.

जोडीदाराला स्वतःला काय घेता येतं

बायका सर्वात जास्त गमावतात ते इथे. स्पाउस व्हिसावरची स्त्री नोकरी करत असेल आणि गरोदर राहिली, तर स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे तिचा हक्क आहे. त्यात बसत नसेल तर मॅटर्निटी अलाउन्स: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 66 आठवड्यांत किमान 26 आठवडे काम आणि ठरलेली किमान कमाई असेल तर 39 आठवड्यांपर्यंत मिळतो. 2025-26 मध्ये तो जास्तीत जास्त 187.18 पौंड आठवड्याला होता. यातलं काहीही पब्लिक फंड्स नाही. आजारपणातला स्टॅच्युटरी सिक पेही पब्लिक फंड्समध्ये येत नाही, आणि नॅशनल इन्शुरन्स भरून मिळणारे न्यू स्टाइल जेएसए (बेरोजगारीतला भत्ता) आणि न्यू स्टाइल ईएसए (आजारपणातला भत्ता) हेही येत नाहीत. ‘बेनिफिट’ हा शब्द कानावर पडला की घाबरून हे सोडून देऊ नका.

फक्त लक्षात असू द्या की मॅटर्निटी अलाउन्स किंवा न्यू स्टाइल बेनिफिट आलं तर तेवढी रक्कम नवऱ्याच्या युनिव्हर्सल क्रेडिटमधून पूर्ण वजा होते.

अर्ज अडकलेला असताना

व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज गेला असेल, तर 1971 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 3सी तुम्हाला सांभाळतं. निर्णय येईपर्यंत जुना व्हिसा आपोआप चालू राहतो, जुन्याच अटींसह. कामाची परवानगी राहते आणि पब्लिक फंड्सची अटही राहते. नकार आला आणि वेळेत अपील केलं तर अपिलाच्या काळातही हे संरक्षण असतं. म्हणजे अर्ज अडकला म्हणून तुमच्या क्लेममध्ये काही बदल होत नाही. आधी एकट्याचा होता, आताही एकट्याचा. पण अर्ज प्रलंबित असताना जोडीदाराने देश सोडला तर हे कवच तुटतं. घरी कोणी आजारी असल्याचा फोन आला तरी तिकीट काढण्याआधी वकिलाशी बोला.

मुदत संपल्यावर अर्ज गेला असेल तर 3सी लागत नाही. अशा घरातल्या ब्रिटिश जोडीदाराचा युनिव्हर्सल क्रेडिटचा हक्क कायद्याने तरीही उभा आहे. मात्र डीडब्ल्यूपी आणि होम ऑफिस यांच्यात माहितीची देवाणघेवाण होते. म्हणून क्लेम करण्याआधी इमिग्रेशनचा सल्ला घ्या आणि व्हिसाची बाजू आधी मार्गी लावा.

मुदतवाढीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. 11 एप्रिल 2024 पासून नव्या स्पाउस व्हिसासाठी 29,000 पौंड वार्षिक उत्पन्नाची अट आहे. त्याआधीपासून याच जोडीदारासोबत या मार्गावर असलेल्यांना जुनीच 18,600 ची. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा चाइल्ड बेनिफिट या उत्पन्नात धरत नाहीत. स्पॉन्सरला पिप किंवा केअरर्स अलाउन्स मिळत असेल तर मात्र हा आकडा लागू होत नाही, त्याऐवजी घरखर्च भागतो का एवढंच तपासतात. आजारी किंवा अपंग माणसाने आपला पिपचा हक्क व्हिसाच्या भीतीने सोडला, तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो.

अगदीच हात टेकले तर

घर चालणंच अशक्य झालं असेल, मुलांच्या पोटाला पुरत नसेल, तर पार्टनर किंवा पालक म्हणून व्हिसा असलेल्याला ही अट काढून टाकण्याची मागणी करता येते. त्याला ‘चेंज ऑफ कंडिशन्स’ म्हणतात. फी नाही. बँक स्टेटमेंट, भाड्याची थकबाकी, उधारीची पत्रं, शाळेचं किंवा डॉक्टरचं पत्र असे पुरावे लागतात. अट उठली की जोडीदार पात्र होतो आणि मग दोघांचा एकत्र क्लेम करायचा. याआधीच मुलांची आबाळ होत असेल तर 1989 च्या चिल्ड्रन कायद्याच्या कलम 17 खाली इंग्लंडमधल्या काउन्सिलवर मुलांची जबाबदारी येते. ही मदत पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही.

घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी असेल तर गोष्ट वेगळी आणि तातडीची. ‘मला सोडलंस तर तुला परत पाठवतील’ हे वाक्य अनेकींना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही. ब्रिटिश किंवा कायम रहिवासी जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या आणि छळामुळे संसार मोडलेल्या व्यक्तीला ‘मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन’ खाली तीन महिन्यांची परवानगी मिळू शकते. तिच्यावर पब्लिक फंड्सची अट नसते. त्या काळात स्वतःच्या नावाने युनिव्हर्सल क्रेडिट मागता येतं, आसरा मिळू शकतो, आणि मुदत संपायच्या आत कायम राहण्याचा स्वतंत्र अर्ज करायचा असतो. हे मिळालं की जुना व्हिसा संपतो, म्हणून अर्जाआधी सल्ला हवाच. लंडनमधली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था अशा स्त्रियांसाठी काम करते.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्या घरांसाठी

गोव्याकडची बरीच कुटुंबं पोर्तुगीज नागरिकत्वावर इथे आहेत. त्यांना वरचे बरेच नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. ईयू सेटलमेंट स्कीमच्या, म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना इथे राहता यावं म्हणून आणलेल्या योजनेच्या, स्टेटसवर पब्लिक फंड्सची अट नसते, भारतीय जोडीदाराला त्या स्कीमखाली स्टेटस मिळालं असेल तरी. पण प्री-सेटल्ड, म्हणजे अजून कायम न झालेलं, स्टेटस युनिव्हर्सल क्रेडिटसाठी एकट्याने पुरत नाही. नोकरी किंवा तशा आधारावर इथे राहण्याचा हक्क दाखवावा लागतो.

नकार आला तर, आणि आयएलआर आला तर

‘तुमचा जोडीदार अपात्र, म्हणून क्लेम बंद’ असा निर्णय आला तर तो बहुधा चुकीचा असतो. तुम्ही स्वतः पात्र असाल तर क्लेम तुमचा एकट्याचा चालू राहायला हवा. एका महिन्याच्या आत ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागा, तिसऱ्या नियमाचा उल्लेख करा. तरीही नाहीच म्हणाले तर पुढच्या एका महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील करा. अपिलाला फी लागत नाही.

जोडीदाराला आयएलआर मिळाला की त्याच दिवशी जर्नलमध्ये कळवा. उशिरा कळवलंत तर वाढीव भत्ता मागच्या महिन्यांपासून सहसा मिळत नाही. ज्या हिशोबी महिन्यात कळवलं तिथून सुरू होतो.

सल्ला कोणाकडून घ्यायचा, यात ढिलाई नको. पैसे घेऊन असो वा फुकट, इमिग्रेशनचा सल्ला देणारा माणूस सॉलिसिटर किंवा बॅरिस्टरसारखा अधिकृत वकील तरी हवा किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला तरी. नोंदणीशिवाय सल्ला देणं गुन्हा आहे. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि लॉ सेंटरमध्ये बेनिफिटचे जाणकार फुकट भेटतात. पण बेनिफिटचा जाणकार व्हिसाचा असेलच असं नाही, आणि व्हिसाच्या वकिलाला काउन्सिल टॅक्सची योजना ठाऊक असेलच असंही नाही. दोघांनाही विचारा, आणि भेटीला जाताना जोडीदाराचा ई-व्हिसा, होम ऑफिसची पत्रं, दोघांच्या पगाराच्या स्लिपा आणि जर्नलचे स्क्रीनशॉट सोबत घेऊन जा.